पाच लिटरांचा आठवडा

जुलै २०२२ मध्ये श्रीलंकेच्या सरकारने इंधनवाटपाचा जो नवा हुकूम काढला, त्यान्वये तीनचाकी रिक्षाला आठवड्यास ५ लिटर, मोटारसायकलीला ४ लिटर, मोटारीला २० लिटर आणि बसला ४० लिटर एवढेच तेल मिळावयाचे होते, आणि ही वार्ता मी पुण्यात ज्या मेजावर वर्तमानपत्र पसरून वाचली त्याच मेजाच्या खणात, मार्च महिन्यात मोठ्या हौसेने काढून ठेवलेली, आम्हा उभयतांची कोलंबोची तिकिटे पडून होती. रवानगीला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. जावे की न जावे, हा प्रश्न त्यापूर्वीही महिनाभर घरात घोटाळत होता; परंतु ज्या देशात जायचे त्या देशातील रिक्षावाल्याचा आठवडा ५ लिटरांत मोजला जातो, हे वाचल्यावर त्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तोवर मी आमच्या सोयीगैरसोयीचा विचार करीत होतो. आता तो विचार पुरेसा नाही असे वाटू लागले.

तीस वर्षे महाविद्यालयात पाली शिकवीत असता ‘महावंसा’तील अनुराधपुराची वर्णने मी विद्यार्थ्यांकडून वाचून घेतली होती, आणि प्रत्येक वर्षी त्या नगरीचे दर्शन न घेता तिच्याविषयी बोलण्याचा संकोच मनात वाढत गेला होता. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली, जवळ द्रव्य नसताना आणि भाषा अवगत नसताना, केवळ बौद्ध धर्माचे मूळ ग्रंथ वाचावयास मिळावेत म्हणून त्या बेटावर पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या आश्रयाने पाली शिकले. महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाची जी परंपरा पुढे निर्माण झाली तिचा एक उगम त्या परिवेणात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला उपस्थित राहिले होते. त्या स्थळांचे दर्शन ही माझ्यालेखी केवळ करमणूक नव्हती, आणि म्हणूनच माझ्या निर्णयात माझ्या इच्छेचे वजन किती आणि विवेकाचे किती, याविषयी मला शंका घ्यावी लागत होती. इच्छा बलवत्तर असली म्हणजे तिला समर्थनाची युक्ती सहज सापडते.

त्या देशावर ओढवलेल्या आपत्तीची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. २०१९ मधील ईस्टरच्या दिवशीचे बॉम्बस्फोट, त्यापाठोपाठ आलेली महामारी, मधल्या काळात करांत केलेली मोठी कपात आणि एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी घातलेली बंदी, या सर्वांमुळे परकीय चलनाचा खजिना आटत गेला. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने विदेशी कर्जाची परतफेड स्थगित केली, आणि मे महिन्यात वापरता येण्याजोगे परकीय चलन पाच कोटी डॉलरही शिल्लक नाही असे अर्थमंत्र्यांनी स्वमुखाने सांगितले. ज्या देशाला सर्व तेल बाहेरून विकत घ्यावे लागते, त्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की बंदरात तेलाचे जहाज येऊन उभे आहे आणि ते उतरवून घेण्यास पैसा नाही. सपुगस्कंद येथील देशातला एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना कच्च्या तेलाअभावी पुनःपुन्हा बंद पडला. मार्चमध्ये रांगेत उभ्या असलेल्या दोन वृद्धांनी रांगेतच प्राण सोडले. त्याच महिन्यात, छापावयास कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा लांबणीवर पडल्या. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला ही बातमी तेलाच्या बातमीहून अधिक लागली. २७ जूनला अत्यावश्यक सेवा वगळता कोणालाही इंधन न देण्याचे जाहीर झाले, ९ जुलैला जनसमुदाय राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला, आणि त्या आठवड्यात राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले.

माझी पत्नी शासकीय रुग्णालयात परिचारिका होती आणि आता निवृत्त आहे. तिचा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच होता.

“अहो, तिथे रुग्णवाहिकेला तेल मिळताना मारामार आहे. आपल्याला देऊळ दाखवायला जी गाडी येईल, तिच्यात कोणाचं तेल असणार?”

“अगं, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी निराळ्या पासाची तजवीज केली आहे म्हणतात. नियमाने मिळणारं तेल आहे ते.”

“नियमाने मिळेल हो. पण तेल काय निराळ्या विहिरीतून येणार आहे?”

यावर मला उत्तर देता आले नाही. परवाना असला म्हणजे अधिकार सिद्ध होतो. पण ज्या वस्तूचा एकूण साठाच अपुरा आहे, तिच्या बाबतीत एकाचा अधिकार म्हणजे दुसऱ्याची उणीव, ही गोष्ट रुग्णालयात रक्ताच्या पिशव्यांचा आणि प्राणवायूच्या नळकांड्यांचा हिशेब ठेवलेल्या बाईला समजावून सांगावी लागत नाही.

तथापि दुसरी बाजूही तितकीच सबळ होती. अनुराधपुरात ज्यांच्या घरी आम्ही खोल्या ठरविल्या होत्या त्या गृहस्थांना मी सरळच विचारले, की आम्ही येणे तुम्हाला इष्ट वाटते की भार वाटतो. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. एप्रिलपासून त्यांच्याकडे एकही पाहुणा उतरला नव्हता. स्वयंपाकीण आणि माळी या दोघांना त्यांनी अर्ध्या पगारावर ठेवले होते आणि आमचे येणे रद्द झाले तर तेही ठेवता येईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. “तुम्ही न आल्याने आमचे तेल वाचणार नाही, आमची चूल मात्र विझेल,” अशा अर्थाचे वाक्य त्यांनी लिहिले होते, आणि शेवटी आगगाडी चालू आहे, आगगाडीने या, असे सुचविले होते. २०१८ साली त्या बेटावर २३ लाखांवर परदेशी प्रवासी आले आणि देशाला सुमारे ४.४ अब्ज डॉलर मिळाले. त्या डॉलरांतूनच तेल येत असे. तेव्हा प्रवाशाने पाठ फिरविणे म्हणजे आटलेल्या विहिरीचा उरलेला झराही बुजविणे, हा युक्तिवाद काही खोटा नव्हे. जून महिन्यात ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ तेथे खेळावयास गेला, तेव्हा अशा दिवसांत जाणे उचित की अनुचित याची चर्चा तिकडेही झाली. पण २४ जूनच्या शेवटच्या एकदिवसीय सामन्याला कोलंबोतील प्रेक्षक पाहुण्यांच्या संघाचा पिवळा रंग अंगावर घालून आले आणि तुम्ही आलात याबद्दल आभार, असे फलक घेऊन उभे राहिले. ज्या लोकांच्या घरी गॅस नव्हता आणि रोज काही तास वीज नव्हती, ते लोक कोणी तरी आले याचा आनंद मानीत होते. हे दृश्य मी दूरदर्शनवर पाहिले आणि माझे मन पुष्कळसे त्या बाजूला झुकले.

मग अडचण उरली ती कोठे? ती मला बऱ्याच विचारानंतर उमगली, आणि ती उमगण्यास साताऱ्यातील माझ्या विद्यार्थिदशेतील एक आठवण कारणीभूत झाली. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखल्यावर आपल्याकडेही दर भडकले होते. त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले होते. आमच्या आळीत त्या हिवाळ्यात रॉकेलची रांग पहाटे चारला लागे. मी डबा आणि शिधापत्रिका घेऊन उभा असे. एके दिवशी एका सधन गृहस्थांचा गडी दुकानदाराशी काही बोलला आणि मागच्या दाराने दोन डबे घेऊन गेला. त्याने पैसे दिले होते, कदाचित दीडपटही दिले असतील. ते पैसे यथावकाश दुकानदाराकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, तेथून आणखी वर गेले असतील आणि महिन्या दोन महिन्यांनी त्यांतून आणखी रॉकेल आलेही असेल. परंतु त्या दिवशी आमच्या पुढच्या म्हातारीचा डबा रिकामाच परत गेला. पैसा आणि तेल यांचा काळ एक नसतो. डॉलर आज दिला तरी त्याचे जहाज होऊन बंदराला लागावयास मुदत लागते. या आठवड्याच्या टाकीत जेवढे आहे तेवढेच या आठवड्याला आहे. म्हणजे प्रवाशाने तेथे जाऊन पैसा खर्च करणे हे पुण्यप्रद असू शकते, आणि त्याच प्रवाशाने तेथे जाऊन तेल जाळणे हे अन्यायाचे असू शकते. या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत आणि मी त्यांची सांगड घालून उगाच गोंधळात पडलो होतो.

हे पत्नीला सांगितले तेव्हा तिने कागद पुढे ओढला आणि ठरविलेल्या स्थळांपुढे आगगाडी आहे किंवा नाही एवढेच लिहून काढले. कोलंबो, कँडी आणि अनुराधपुर या तिन्ही ठिकाणी लोहमार्ग जातो. सिगिरियाला जात नाही. “मग सिगिरियाचं तिकडे गेल्यावर बघू,” ती म्हणाली, आणि जाण्याचा निर्णय झाला.

काटुनायकेच्या विमानतळावरून बसने आम्ही कोलंबो फोर्ट स्थानकावर आलो. वाटेत पाहिलेली पहिली रांग मी विसरणार नाही. एका पेट्रोलपंपापासून निघून ती रस्त्याच्या कडेने वळत, एका शाळेच्या भिंतीला लागून, दुसऱ्या चौकापर्यंत गेली होती. गाड्यांची दारे उघडी होती, रिक्षांच्या मागच्या आसनांवर माणसे पाय दुमडून निजली होती, कोणी गाडी ढकलत पुढे सरकवीत होते, कारण चार हात पुढे जाण्यासाठी इंजिन सुरू करणे परवडत नव्हते. क्यूआर कोडावर इंधन देण्याची नवी पद्धत सुरू झाल्याने ही रांग आता पुष्कळ आखडली आहे, असे शेजारी बसलेल्या एका बँकेतील कारकुनाने आम्हाला सांगितले. जूनमध्ये तो स्वतः तीन रात्री रांगेत राहिला होता. त्याच दिवसांत १९९६ च्या विश्वचषकविजेत्या संघातील रोशन महानामा हे कोलंबोतील रांगांमधून लोकांना चहा आणि पाव वाटत फिरले होते. ती हकीकत तो कारकून फार अभिमानाने सांगत होता.

कँडीची गाडी गच्च भरली होती. एरवी मोटारीने जाणारी मंडळी आता आगगाडीने जात होती, आणि दारात, पायऱ्यांवर, दोन डब्यांमधील जोडावर माणसे उभी होती. रंबुक्कन हे स्थानक आले तेव्हा डब्यातील बोलणे थोडे मंदावले, निदान मला तसे वाटले. येथूनच कडुगन्नावच्या घाटाची चढण सुरू होते; आणि येथेच १९ एप्रिलला तेलाच्या दरवाढीविरुद्ध लोहमार्ग अडवून बसलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एक मनुष्य मरण पावला. स्थानक नीटनेटके आहे. फलाटावर एक मुलगा केळीच्या पानात गुंडाळलेले काही विकत होता. गाडी सुटली आणि घाटाच्या एका अंगाला दरी उघडत गेली. पूर्वी हे सौंदर्य मी अधिक निश्चिंत मनाने पाहिले असते.

कँडीत ज्याच्या रिक्षातून आम्ही स्थानकावरून निवासस्थानी गेलो तो तरुण थोडे इंग्रजी जाणत होता. वाटेत बंद पंपावरील फलक दाखवून तो म्हणाला, “तेल नॅ.” मी चमकून त्याला ते शब्द पुन्हा उच्चारावयास सांगितले. तेल नॅ, म्हणजे तेल नाही. सिंहली ही आर्यकुळातील भाषा असल्याचे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले आहे, भाताला तेथे बत् म्हणतात आणि हाताला अत म्हणतात हेही मला पाठ होते; परंतु भाषांचे हे सोयरेपण एका रिकाम्या पंपापुढे, जणू माझ्या आईने रिकामा डबा हलवून उच्चारावेत तशा दोन शब्दांत माझ्यापुढे येऊन उभे राहील, हे मनातही आले नव्हते. रांगेला ते पोलिम म्हणतात. गेल्या चार महिन्यांतील कोणत्याही संभाषणात तेल आणि पोलिम हे दोन शब्द आले नाहीत असे झाले नाही, असे तो म्हणाला.

त्याने आपल्या मोबाईलवर तो चौकोनी कोड मला दाखविला. आठवड्याचे ५ लिटर, आणि गाडीच्या क्रमांकाच्या अखेरच्या आकड्यावरून ठरलेला वार. पाच लिटरांत त्याची रिक्षा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाते. घरी तिघे खाणारे आहेत आणि रिक्षेवर अद्याप कर्ज आहे. पेट्रोलचा दर ४५० रुपयांवर गेला होता, त्यामुळे भाडेही दुप्पट झाले होते आणि गिऱ्हाईक निम्मे.

दुसऱ्या दिवशी सिगिरियाचा प्रश्न निघाला. बसने जावे म्हणून आम्ही सकाळीच स्थानकावर गेलो. परंतु बसगाड्या थोड्या आणि माणसे अगणित, आणि पत्नीचे गुडघे तीन तास उभे राहण्यास समर्थ नाहीत, तेव्हा तो बेत सोडावा लागला. निवासस्थानाच्या व्यवस्थापकाने तत्काळ व्हॅनची तयारी दाखविली. पर्यटकांच्या पासावर इंधनाची पूर्ण खातरजमा होती, दरही अवाजवी नव्हता. कँडीहून सिगिरिया सुमारे ९० किलोमीटर. जाऊन येऊन १८०, आणि घाटातील व्हॅनला त्यासाठी १५ ते १८ लिटर डिझेल लागणार. मी मनाशी हिशेब केला. आदल्या दिवशीच्या त्या तरुणाचे तीन आठवडे! काश्यप राजाने पाचव्या शतकात खडकावर बांधलेला तो प्रासाद, ती भित्तिचित्रे आणि आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर शतकानुशतके प्रवाशांनी कोरून ठेवलेल्या सिंहली कविता यांविषयी मी आयुष्यभर वाचत आलो होतो. आणि तरीही तीन आठवडे हा हिशेब एकदा डोक्यात आल्यावर मला व्हॅनमध्ये बसवेना. व्यवस्थापकाला मी नम्रपणे नकार दिला. त्याचे नुकसान झाले हे खरे, आणि त्याची भरपाई म्हणून आम्ही तेथे आणखी दोन दिवस राहिलो.

पत्नीने मला विचारले, “वाईट वाटतंय का?”

“वाटतंय,” मी म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही.

पण त्या दोन दिवसांमुळेच आम्हाला पेरहेरा सावकाश पाहावयास मिळाला. ऑगस्टच्या पौर्णिमेच्या आसपास दंतधातूच्या मंदिरातून निघणारी ती मिरवणूक महामारीच्या दोन वर्षांनंतर प्रथमच लोकांच्या उपस्थितीत निघत होती. झालरी पांघरलेले हत्ती, चाबूक उडवीत पुढे जाणारे पुरुष, कँडीचे नर्तक, ढोलांचा तो गंभीर घोष, आणि या सर्वांना प्रकाश देणाऱ्या मशाली. मशालवाले लोखंडी पिंजऱ्यांत सुकी खोबरी जाळतात आणि त्यांच्याबरोबर चालणारी मुले पोत्यांतून नवी खोबरी पुरवीत जातात. आमच्या कोकणातल्या घरी खोबरे वाळत घातले असता उन्हात जो वास सुटतो, तो वास जळक्या धुरातून त्या सबंध रस्त्यावर पसरला होता. त्या रात्री लोकांच्या चेहऱ्यावर मी जो प्रकाश पाहिला तो त्यांच्याच भूमीत पिकलेल्या नारळाचा होता, कोणत्याही बंदरात अडकून पडलेल्या जहाजाचा नव्हता, आणि ही गोष्ट माझ्याप्रमाणेच पुष्कळांच्या मनात आली असावी, कारण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध स्त्रीने मशालींकडे बोट दाखवून आपल्या नातवाला काही सांगितले आणि त्यात तेल हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

कँडीहून पोल्गहवेलाला गाडी बदलून आम्ही अनुराधपुरास गेलो. यजमान स्थानकावर सायकल घेऊन उभे होते. सामान त्यांनी सायकलीवर लादले आणि आम्ही तिघे चालत घरी गेलो. स्वयंपाकीण कामावर होती. पुढील तीन दिवस मी भाड्याच्या सायकलीवरून आणि पत्नी पायी असे हिंडलो. रुवन्वेलिसाय स्तूपाचा शुभ्र घुमट, जेतवनाचा विटांचा पर्वत, आणि अशोककन्या संघमित्रेने आणलेल्या फांदीपासून वाढलेला तो बोधिवृक्ष. त्या वृक्षाखाली गर्दी होती, पण गोंगाट नव्हता. बहुतेक लोक दूरच्या गावांहून आगगाडीने आले होते. मी येथे काय पाहिले त्याचे वर्णन करण्याचा मोह टाळतो. तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

यजमानांचे पैसे मी रोख डॉलरांत न देता बँकेमार्फत दिले. तसे केल्यानेच ते चलन देशाच्या तिजोरीत पोहोचते, हे त्या बँकेतील कारकुनाने बसमध्ये मला बजावले होते. ज्यांना अशा दिवसांत अशा देशात जाण्याचा प्रसंग येईल त्यांनी घरी बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी जावे, राहावे, जेवावे, रीतसर मार्गाने पैसे द्यावेत, आणि जेथे लोहमार्ग जात नाही ते स्थळ पुढच्या खेपेसाठी ठेवावे.

१ सप्टेंबर २०२३ रोजी ती कोडाची पद्धत बंद झाली आणि रिक्षांना हवे तितके तेल मिळू लागले. सिगिरिया आम्ही अजून पाहिलेला नाही.